पासवर्डची तिजोरी आपल्याच फाइलीत: कीपासएक्ससी कसे मांडावे, कसे सांभाळावे

पासवर्ड मॅनेजर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरची सेवा येते. कीपासएक्ससी तसे नाही. इथे खाते उघडायचे नसते, ईमेल द्यायचा नसतो आणि ‘पासवर्ड विसरलात?’ असे बटण शोधूनही सापडणार नाही. सगळे पासवर्ड केडीबीएक्स प्रकारच्या एका फाइलीत कुलूपबंद असतात आणि ती फाइल तुमच्याच संगणकावर असते. फाइल गेली तर पासवर्ड गेले. मास्टर पासवर्ड, म्हणजे ती फाइल उघडणारा एकमेव पासवर्ड, विसरलात तरी गेले. सॉफ्टवेअर बसवायला दहा मिनिटे पुरतात. खरे काम आहे ती फाइल आणि तो एक पासवर्ड सांभाळण्याचे.

मग एवढी जबाबदारी अंगावर का घ्यायची? एक कारण फाइलीच्या प्रकारातच आहे. मूळ कीपास २००३ साली विंडोजसाठी आले. त्याच धर्तीवर लिनक्ससाठी कीपासएक्स निघाले. त्याचे काम रेंगाळले. शेवटची आवृत्ती २०१६ साली आली आणि पुढे प्रकल्प बंद झाल्याचे जाहीर झाले. तोवर काही जणांनी त्याचाच कोड उचलून कीपासएक्ससी सुरू केले होते. जुन्या वापरकर्त्यांनी आपली फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडली, बस्स. फाइलीची रचना उघड आहे, ती वाचणारे प्रोग्रॅम अनेक आहेत, म्हणून एक दुकान बंद पडले तरी माल अडकून पडत नाही. मुक्त स्रोताचा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असण्याचा, सामान्य माणसाला मिळणारा सगळ्यात रोकडा फायदा हाच. ‘कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो सुरक्षितच असतो’ हे मात्र डोळे झाकून धरू नका. मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या एक्सझेड या साधनात चोरदरवाजा सापडला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग एका अभियंत्याने काढला म्हणून.

उतरवताना

सर्च इंजिनमध्ये नाव टाकून पहिल्या दुव्यावर क्लिक करू नका. पहिला दुवा बऱ्याचदा जाहिरात असतो. २०२३ साली कीपासच्या नावाने अशी जाहिरात चालली होती. तिच्या पत्त्यातल्या पहिल्या अक्षराखाली बारीकशी खूण होती, बाकी पत्ता हुबेहूब. पत्ता स्वतः टाइप करा: कीपासएक्ससी डॉट ऑर्ग. सगळे स्पेलिंग रोमन अक्षरांत, मध्ये जागा नाही, शेवटी एक्स-सी.

विंडोजवर फाइल उतरली की लगेच डबल क्लिक नको. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब. तिथे सही करणाऱ्याचे नाव ‘ड्रॉइडमंकी ॲप्स’ दिसायला हवे. टॅबच नसेल किंवा नाव वेगळे असेल तर फाइल टाकून द्या. लिनक्सवर शक्यतो आपल्या डिस्ट्रोच्या (लिनक्सचा तुम्ही बसवलेला अवतार) पॅकेज मॅनेजरमधूनच घ्या. डेबियन या डिस्ट्रोवर ‘फुल’ आणि ‘मिनिमल’ अशी दोन पॅकेजे आहेत. मिनिमलमध्ये ब्राउझरची जोडणी नसते, त्यामुळे पुढे सांगितलेला पर्याय सेटिंगमध्ये दिसला नाही तर आधी हे तपासा.

शा-२५६ चेकसम (फाइलीवरून काढलेला, तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) जुळवून पाहायचा असेल तर सेव्हन-झिप बसवलेल्या संगणकावर फाइलीवर राइट क्लिक करून ‘सीआरसी शा’ या यादीतून तो काढता येतो. एक खाच आहे. फाइल आणि चेकसम दोन्ही एकाच बनावट साइटवरून घेतले तर ते हमखास जुळणारच. म्हणून चेकसम प्रकल्पाच्या गिटहबवरच्या (कोड ठेवण्याची साइट) पानावरून घ्या आणि दुसरीकडून उतरवलेल्या फाइलीशी ताडा.

तिजोरी बनवणे

‘क्रिएट डेटाबेस’ दाबले की तीन पाने येतात. पहिल्यावर नाव. काहीही द्या.

दुसऱ्या पानावर एक सरकपट्टी असते, ‘डिक्रिप्शन टाइम’ नावाची. मूळ मूल्य एक सेकंद. याचा अर्थ असा की योग्य पासवर्ड दिला तरी फाइल उघडण्याआधी तुमच्या संगणकाला सुमारे सेकंदभर गणित करायला लावले जाते. हे गणित आर्गॉन-२ या पद्धतीने होते. ती २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या (पासवर्डपासून उलट न उलगडणारी अक्षरमाला, म्हणजे हॅश, बनवण्याच्या) खुल्या स्पर्धेत पहिली आली होती. तिचे वैशिष्ट्य म्हणजे ती वेळेबरोबर मेमरीही खाते, त्यामुळे चोराला शेकडो ग्राफिक्स कार्डे जोडून सपाटा लावणे महागात पडते. तुम्हाला दिवसातून दोन-चार वेळा एक सेकंद थांबावे लागते. चोराला प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला थांबावे लागते.

पट्टी पाच सेकंदांपर्यंत ओढण्याचा मोह होतो. नको. हीच फाइल फोनवर उघडायची आहे आणि तिथे तेच गणित कितीतरी जास्त वेळ घेते. आयफोनवर तर ऑटोफिल करणाऱ्या, म्हणजे पासवर्ड आपोआप भरणाऱ्या, भागाला मेमरीची कडक मर्यादा असते. मेमरी वाढवून ठेवलीत तर ॲपमध्ये तिजोरी उघडते, पण ऑटोफिल करताना धाडकन बंद पडते, आणि कारण कळत नाही. मेमरी ६४ एमआयबी (साधारण तेवढेच एमबी) आणि वेळ एक सेकंद, यावर राहू द्या. फाइलीचा प्रकार केडीबीएक्स ४ हाच ठेवा.

तिसऱ्या पानावर मास्टर पासवर्ड. इथे घाई नको.

मास्टर पासवर्ड

लक्षात राहणारा आणि तरी न ओळखता येणारा पासवर्ड बनवायची एकच पद्धत भरवशाची आहे: शब्द, आणि तेही फासे टाकून निवडलेले. कीपासएक्ससीच्या जनरेटरमध्ये ‘पासफ्रेज’ नावाचा टॅब आहे. तो ७,७७६ इंग्रजी शब्दांच्या यादीतून शब्द उचलतो. आकडा विचित्र वाटतो, पण पाच फासे एकदम टाकले तर तेवढेच निकाल संभवतात, आणि यादी मुळात फाशांसाठीच केलेली आहे.

किती शब्द घ्यायचे? थोडे गणित. एक कोटी संगणक प्रत्येकी सेकंदाला एक प्रयत्न करत बसले असे धरा. चार शब्दांच्या निम्म्या शक्यता तपासून व्हायला त्यांना सुमारे सहा वर्षे लागतील. सहा शब्दांना सुमारे ३५ कोटी वर्षे. दोनच शब्दांचा फरक. सहा घ्या, सात घेतले तर उत्तमच. आवडला नाही म्हणून एखादा शब्द हाताने बदलू नका. आवडीनिवडी आल्या की अंदाज बांधणे सोपे होते. म्हणी, अभंगाच्या ओळी, गाण्याचे मुखडे हे तर अजिबातच नकोत, कितीही लांब असले तरी. छापलेले सगळे चोराच्या यादीत आधीच असते.

मराठी शब्द चालतील का? चालतील, पण दोन खड्डे आहेत. पहिला देवनागरीचा. ‘ॲ’ हे अक्षर एकसंधही टाइप होते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळी. ‘ऱ’चेही तसेच, आणि ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’मध्ये कधी अदृश्य जोडअक्षर लपलेले असते. घरच्या संगणकावर इनस्क्रिप्टने ठेवलेला पासवर्ड फोनच्या फोनेटिक कीबोर्डवर जुळेलच याची खात्री नाही. म्हणून मराठी शब्द रोमनमध्येच लिहा. मग दुसरा खड्डा येतो: ‘पाऊस’ रोमनमध्ये किमान चार तऱ्हांनी लिहिता येतो. पहिला ‘ए’ एक की दोन, पुढे ‘यू’ की दोन ‘ओ’? एक स्पेलिंग ठरवा आणि कागदावर तेच उतरवा. शब्द निवडताना स्वतःची हजार शब्दांची यादी करून आकडे यादृच्छिक काढले तर सहाऐवजी आठ शब्द घ्या, कारण यादी लहान असली की प्रत्येक शब्दाचे वजन कमी भरते.

होय, कागदावर. ‘पासवर्ड कधीही लिहून ठेवू नये’ हा सल्ला कचेरीतल्या टेबलासाठी होता. घरातल्या कागदापर्यंत परदेशातला चोर पोचत नाही, आणि विसरण्याचा धोका चोरीपेक्षा फार मोठा आहे. पहिले काही आठवडे कागद हाताशी ठेवा, दिवसातून दोनदा तिजोरी मुद्दाम बंद करून टाइप करून उघडा. बोटांना सवय झाली की कागद पाकिटात घालून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. फाडू नका.

त्याच पानावर ‘की फाइल’ जोडायची सोय आहे: पासवर्डबरोबर एक ठरावीक फाइलही हवी, नाहीतर तिजोरी उघडणार नाही. सोय चांगली आहे, पण बहुतेकांनी तिच्या वाटेला जाऊ नये. लोक एखादा फोटो की फाइल म्हणून निवडतात, पुढे कधीतरी फोटोच्या ॲपमध्ये तो जरासा फिरवतात, आणि झाले. एक बाइट बदलला की किल्ली बदलली. घ्यायचीच असेल तर प्रोग्रॅमनेच बनवलेली घ्या, तिच्या दोन प्रती ठेवा, आणि तिजोरी क्लाउडवर ठेवणार असाल तर की फाइल त्याच क्लाउडवर ठेवू नका.

जुने पासवर्ड आत आणणे

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल म्हणून बाहेर काढता येतात. ही फाइल उघडी असते. कुणीही वाचू शकते. म्हणून ती काढताना ‘डॉक्युमेंट्स’ किंवा डेस्कटॉप निवडू नका. बऱ्याच संगणकांवर हे फोल्डर आपोआप क्लाउडवर चढतात, आणि मग तुमचे सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत तिथे आणि तिथल्या ‘जुन्या आवृत्त्यां’तही जाऊन बसतात. सिंक न होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, लगेच आयात करा, तपासा, मग शिफ्ट दाबून डिलीट करा. आयात करताना ‘पहिल्या ओळीत स्तंभांची नावे आहेत’ या अर्थाच्या चौकोनात खूण करा. शीर्षक, युजरनेम, पासवर्ड, पत्ता हे स्तंभ योग्य जागी बसलेत का ते खालच्या नमुन्यात दिसते. युजरनेमच्या जागी पत्ता बसणे ही नेहमीची गफलत.

आयात झाली की ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड पुसा आणि ‘पासवर्ड साठवू का?’ हे विचारणेच बंद करा. दोन ठिकाणी यादी ठेवली की महिन्याभरात खरी कोणती तेच कळेनासे होते.

आता जुने कमकुवत पासवर्ड बदलायचे. सगळे एका रविवारी नको. तिसऱ्या तासाला चुका होतात. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांची ‘विसरलो’ची वाट ईमेलमधूनच जाते. मग बँक, मग फोनचे गूगल किंवा ॲपल खाते. उरलेले जसजसे लॉगिन कराल तसतसे.

एक पासवर्ड बदलण्याची नेमकी रीत अशी. कीपासएक्ससीमध्ये नोंद उघडा, पासवर्डच्या चौकोनाशेजारचे फाशाचे चिन्ह दाबा, लांबी २० ठेवा, पासवर्ड घ्या आणि आधी नोंद जतन करा. मगच तो साइटवर चिकटवा. उलट क्रमाने केले आणि मधेच वीज गेली, तर साइटला नवा पासवर्ड ठाऊक असतो आणि तुम्हाला नसतो. जुना पासवर्ड कुठे जात नाही. नोंदीच्या ‘हिस्टरी’मध्ये तो असतो, आणि मूळ मांडणीत प्रत्येक नोंदीच्या मागच्या दहा आवृत्त्या राहतात.

साइटने ‘बदलला’ म्हटले तरी उठू नका. त्या खिडकीत लॉगिन तसेच ठेवून ब्राउझरची दुसरी, खासगी खिडकी उघडा आणि नवा पासवर्ड वापरून आत जाऊन पाहा. कारण काही साइटी २० अक्षरे मुकाट्याने घेतात, त्यातली पहिली १६च साठवतात, आणि लॉगिनच्या चौकोनात मात्र पूर्ण २० तपासतात. तुम्ही बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी ‘चुकीचा पासवर्ड’. पहिली खिडकी उघडी असेल तर लगेच १६ अक्षरांचा, विशेष चिन्हे नसलेला पासवर्ड देऊन सुटका होते. बंद केली असेल तर पुन्हा ‘विसरलो’ची वारी.

‘तुमच्या आईचे माहेरचे आडनाव?’ छापाच्या प्रश्नांची खरी उत्तरे देऊ नका. तिथेही यादृच्छिक शब्द द्या आणि ते नोंदीच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात, लपवलेले ठेवा.

रोजचा वापर

पासवर्ड साइटवर पोचवायच्या तीन वाटा आहेत आणि त्या सारख्या सुरक्षित नाहीत.

सगळ्यात चांगली वाट ब्राउझर एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची. कीपासएक्ससीच्या सेटिंगमध्ये ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ चालू करा, आपला ब्राउझर निवडा, मग ब्राउझरमध्ये ‘कीपासएक्ससी-ब्राउझर’ हे एक्स्टेन्शन बसवून ‘कनेक्ट’ दाबा आणि जोडणीला नाव द्या. तिजोरी त्या वेळी उघडी हवी. याचा खरा लाभ टंकन वाचण्यात नाही. एक्स्टेन्शन पानाचा पत्ता नोंदीतल्या पत्त्याशी ताडते. बँकेचे पान समोर आहे, लोगो बरोबर, रंग बरोबर, आणि एक्स्टेन्शन गप्प बसले आहे? तर पासवर्ड शोधून हाताने चिकटवण्याआधी पत्त्याची पट्टी अक्षर न अक्षर वाचा. माणसाच्या डोळ्याला फसवणारे पान एक्स्टेन्शनला फसवत नाही. आपण त्याला डावलून हाताने चिकटवतो तिथे घात होतो. कधीकधी बँकेने खरेच पत्ता बदललेला असतो. तसे असेल तर नोंदीत नवा पत्ता भरा.

लिनक्सवर ब्राउझर फ्लॅटपॅक किंवा स्नॅप म्हणून बसवलेला असेल तर ही जोडणी बऱ्याचदा अडते. असा ब्राउझर बंदिस्त खोक्यात चालतो आणि त्याला बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. तासन्‌तास सेटिंग चाळण्यापेक्षा ब्राउझर साध्या पॅकेजमधून बसवलेला बरा.

दुसरी वाट ऑटो-टाइपची: नोंद निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबले की आधीच्या खिडकीत युजरनेम आणि पासवर्ड जणू कुणी टाइप केल्यासारखे उमटतात. पेस्ट करू न देणाऱ्या हट्टी साइटींवर ही फार कामाची. युजरनेम एका पानावर आणि पासवर्ड दुसऱ्यावर असेल तर नोंदीवर राइट क्लिक करून ऑटो-टाइपच्या यादीतून फक्त युजरनेम किंवा फक्त पासवर्ड निवडता येतो. धोका एकच: कर्सर कुठे आहे ते ऑटो-टाइपला कळत नाही. आधीची खिडकी ब्राउझर नसून कुणाशी चाललेली गप्पांची खिडकी असली, तर पासवर्ड तिथे उमटतो आणि मागून एंटरही बसतो. कीबोर्ड मराठीवर असेल तर भलतीच अक्षरे उमटू शकतात, म्हणून आधी इंग्रजीवर आणा. आणि लिनक्सच्या वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) ऑटो-टाइप चालेलच असे नाही.

तिसरी वाट कॉपी-पेस्ट. कंट्रोल-बीने युजरनेम, कंट्रोल-सीने पासवर्ड. दहा सेकंदांनी क्लिपबोर्ड आपोआप साफ होतो. वेगळा क्लिपबोर्ड मॅनेजर बसवला असेल तर त्याच्या इतिहासात पासवर्ड उरतो का ते एकदा तपासून पाहा.

सेटिंगच्या ‘सिक्युरिटी’ भागात ‘काही वेळ न वापरल्यास कुलूप लावा’ हा पर्याय मुळात बंद असू शकतो. तो चालू करून ६०० सेकंद द्या. यापेक्षा कमी ठेवले तर माणूस वैतागून मास्टर पासवर्ड छोटा करतो, आणि मग सगळेच मुसळ केरात. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की तिजोरी उघडी असताना संगणकावर माहिती चोरणारा व्हायरस असेल तर कुठलेही कुलूप उपयोगाचे नाही. असे व्हायरस बऱ्याचदा फुकटात मिळवलेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर येतात.

फोन आणि सिंक

अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, आयफोनवर कीपासियम. दोन्ही मुक्त स्रोत आणि दोन्ही हीच फाइल उघडतात. प्रश्न फाइल तिथवर न्यायची कशी एवढाच.

सोपा मार्ग म्हणजे क्लाउड फोल्डर. फाइल कुलूपबंद असल्याने मास्टर पासवर्ड भक्कम असेल तर हे चालते. २०२२ साली लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या, तेव्हाही सगळी मदार प्रत्येकाच्या मास्टर पासवर्डवर आली. क्लाउडची एक गंमत मात्र जीवघेणी ठरू शकते: क्लाउडचा पासवर्ड तिजोरीत, आणि तिजोरीची एकुलती प्रत क्लाउडवर. फोन हरवला आणि संगणक बिघडला की दोन्ही एकमेकांच्या पोटात अडकतात. क्लाउडचा पासवर्ड मास्टर पासवर्डच्या कागदावर लिहून ठेवा.

क्लाउड नको असेल तर सिंकथिंग. ते दोन यंत्रांत थेट फाइल नेते, मध्ये कुणाचा सर्व्हर साठवण करत नाही. अँड्रॉइडचे मूळ सिंकथिंग ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. ‘सिंकथिंग-फोर्क’ नावाचे ॲप पुढे चालू राहिले. फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू करायला विसरू नका.

दोन्ही मार्गांत एक प्रसंग येणारच. फोन ऑफलाइन असताना तुम्ही त्यावर एक नोंद जोडली, त्याच दिवशी संगणकावर दुसरी बदलली. दोन्ही भेटल्यावर फोल्डरमध्ये दोन फाइली दिसतात. सिंकथिंगमध्ये एकीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असे शब्द आणि तारीख असते. बहुतेक जण ही ‘कचरा’ फाइल पुसतात आणि एक पासवर्ड कायमचा गमावतात. असे करा: नेहमीची फाइल संगणकावर उघडा, ‘डेटाबेस’ मेनूतून ‘मर्ज फ्रॉम डेटाबेस’ घ्या, ती दुसरी फाइल निवडा, तिचा पासवर्ड द्या. दोन्हींतल्या नोंदी एकत्र येतात. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली असेल तर ज्या बदलाची वेळ नंतरची तो वर राहतो आणि दुसरा हिस्टरीत जातो. म्हणजे सगळा निवाडा घड्याळावर. फोनचे घड्याळ तासभर पुढे असेल तर जुना पासवर्ड जिंकतो. फोन आणि संगणक, दोन्हींची वेळ ‘आपोआप’वर ठेवा. मर्ज करून जतन केले, नोंद दिसली, की मगच दुसरी फाइल पुसा.

ओटीपीचे काय?

दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड कीपासएक्ससीही दाखवू शकते. सोयीचे आहे, पण मग पासवर्ड आणि कोड एकाच तिजोरीत आले. दोन कुलपांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात. बिनमहत्त्वाच्या खात्यांना हरकत नाही. ईमेल आणि बँकेसाठी कोड फोनवर वेगळ्या ॲपमध्ये ठेवावेत. अँड्रॉइडवर एजिस हे मुक्त स्रोत ॲप चांगले आहे आणि त्याचा कुलूपबंद बॅकअप घेता येतो. प्रत्येक खाते देते ते राखीव कोड मात्र कागदावर उतरवून त्याच पाकिटात.

कधीमधी ‘डेटाबेस रिपोर्ट्स’मध्ये डोकावा. ‘हेल्थ चेक’ कमकुवत आणि दोनदा वापरलेले पासवर्ड दाखवतो. तिथेच ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेकडून फुटलेले पासवर्ड तपासता येतात. पासवर्ड बाहेर जात नाही. त्याच्या हॅशची पहिली पाच अक्षरे जातात, तिकडून त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी सगळी यादी येते आणि जुळवणी तुमच्या संगणकावर होते.

बॅकअप

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकावर फाइल बिघडली की सिंक इमानेइतबारे बिघडलेली फाइलच फोनवर पोचवते. म्हणून एक प्रत अशी हवी जी कशाशीच जोडलेली नाही. शेकडो नोंदी असल्या तरी जोडफाइली नसतील तर तिजोरी सहसा एक एमबीच्या आतच मावते, त्यामुळे जुन्यातला जुना पेन ड्राइव्हही पुरतो. महिन्यातून एकदा तिजोरीला कुलूप लावून फाइलीची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, नावात वर्ष आणि महिना घाला, आधीच्या तीन-चार प्रती राहू द्या. दुसरा पेन ड्राइव्ह दुसऱ्या घरी. सेटिंगमध्ये ‘जतन करण्याआधी बॅकअप घ्या’ हा पर्यायही चालू ठेवा. त्याने मागची आवृत्ती शेजारीच राहते.

मास्टर पासवर्ड बदललात तर एक गोष्ट हमखास निसटते. जुन्या प्रती जुन्याच पासवर्डने उघडतात. तो विसरला असेल तर त्या प्रती निरुपयोगी, आणि कुणाला कळला म्हणून बदलला असेल तर त्या प्रती धोकादायक. बदल केला त्याच दिवशी सगळ्या पेन ड्राइव्हांवर नवी प्रत घाला, दुसऱ्या कारणासाठी बदलला असेल तर जुन्या प्रती पुसा, आणि पाकिटातला कागदही बदला. कागदावर मास्टर पासवर्ड, फाइल कुठे कुठे आहे, कोणत्या प्रोग्रॅमने उघडते आणि क्लाउडचा पासवर्ड, एवढे असले की तुमच्या पश्चात घरच्यांनाही ती उघडता येते.

वर्षातून एकदा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, विश्वासाच्या संगणकावर लावून प्रत उघडून पाहा, आणि पासवर्ड डोक्यातून नव्हे तर कागदावरून वाचून टाइप करा. ‘चुकीचा पासवर्ड’ आले तर आधी कॅप्स लॉक आणि कीबोर्डची भाषा पाहा, मग कागदावरचा ‘एल’ की ‘आय’, शून्य की ‘ओ’ ते ताडा. उघडली तर शेवटी बदललेल्या दोन-तीन नोंदी आत आहेत का ते बघा. नसतील तर तुम्ही चुकीच्या फोल्डरमधली जुनी फाइल महिनोन्‌महिने कॉपी करत होतात. फाइलीचा आकार शून्य दिसला तर पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढून काढला गेला होता. नवी प्रत घ्या, इजेक्ट करा, पुन्हा लावा आणि पुन्हा उघडून पाहा.